नानांना ताटाची डावी बाजू का दिसत नाही?

वाचकाचं पत्र :

माझे सासरे, वय ६७. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी झोपेतून उठले तेव्हा डावा हात जड आणि तोंड किंचित वाकडं होतं. नऊच्या सुमारास दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन झाला, तो नॉर्मल आला. दुसऱ्या दिवशी एमआरआय केला, त्यात उजव्या बाजूला इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला मेंदूचा भाग, निघाला. हात आता बराच सुधारलाय. पण जेवताना ताटातली चटणी, कोशिंबीर, लिंबू तसंच राहतं. आधी वाटलं, तोंडाची चव गेली. मग एकदा ताट उलटं ठेवलं गेलं, तर कोशिंबीर संपली आणि भाजी राहिली. चालताना डावा खांदा चौकटीला आपटतो. पेपर हातात घेतात, पण ‘काही अर्थच लागत नाही’ म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्यासह ६/६ आणि पडदा उत्तम सांगितलं. नाना म्हणतात, मला सगळं दिसतं. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतात. एक नातेवाईक म्हणतात, साध्या एमआरआयमध्ये मेंदूचं काम दिसत नाही, फंक्शनल एमआरआय आणि पेट स्कॅन करून घ्या. फिल्मवर पांढरा डाग डावीकडे आहे आणि रिपोर्टमध्ये ‘राइट’ लिहिलंय; रिपोर्टची अदलाबदल तर झाली नाही ना? पहिल्याच दिवशी एमआरआय केला असता तर फरक पडला असता का? नानांना २०१९ मध्ये हृदयात स्टेंट बसवलाय, पुन्हा एमआरआय चालेल का? आणि स्कूटरची चावी मागतात, द्यावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर :

चावी देऊ नका. बाकीची उत्तरं सावकाश वाचलीत तरी चालेल, हे मात्र आजच ठरवा. डावीकडून वळणारी रिक्षा नानांच्या लेखी तिथे नसेलच, आणि आपल्याला ती दिसली नाही हेही त्यांना कळणार नाही. दृष्टिक्षेत्राची तपासणी होऊन मेंदूविकारतज्ज्ञ स्पष्ट होकार देईपर्यंत स्कूटर बंद, शिडी बंद, आणि गॅसजवळ एकट्याने उभं राहणंही बंद.

आता ताटाकडे येऊ. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तिथेच आहे, आणि ती तुम्ही घरात बसून शोधलीत. आपल्याकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे वाढतात, भाजी-उसळ उजवीकडे. ताट फिरल्यावर राहणारा पदार्थ बदलला, म्हणजे प्रश्न पदार्थाचा नाही, बाजूचा आहे. कोशिंबीर नकोशी झाली असती तर ती उजवीकडे आल्यावरही तशीच राहिली असती. चव, भूक आणि हट्ट ही तिन्ही कारणं इथेच बाद होतात. तुमच्या सासूबाईंना हे एवढं जरूर वाचून दाखवा.

डोळे चांगले असूनही बाजू कशी हरवते, हे समजायला ‘दिसणं’ तीन टप्प्यांत पाहावं लागतं. पहिला टप्पा डोळ्याचा. पडद्यावरच्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी उजेडाचं रूपांतर विजेच्या संदेशांत करतात, आणि ते संदेश प्रत्येक डोळ्यामागच्या नसेतल्या साधारण १० लाख तंतूंमधून मेंदूकडे निघतात. १२ कोटींतून १० लाखांत जायचं म्हणजे बरीच गाळणी डोळ्यातच होते. हा संवेदनेचा भाग, आणि नानांचा तो ठीक आहे.

दुसरा टप्पा वाटेचा. मेंदूच्या तळाशी दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि प्रत्येकीतले निम्मे तंतू पलीकडच्या बाजूला जातात. त्यामुळे उजवा डोळा उजव्या मेंदूकडे आणि डावा डाव्याकडे, असा हिशेब राहत नाही. समोरच्या दृश्याची डावी बाजू, मग ती कुठल्याही डोळ्याने पाहिलेली असो, उजव्या मेंदूत जाते. तिथून थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधलं संदेशांचं जंक्शन, आणि मग डोक्याच्या मागच्या भागातला दृश्यपटल. डोळ्यासमोर नक्षी बदलल्यापासून इथे मोठी विद्युतलहर उठेपर्यंत साधारण १०० मिलिसेकंद लागतात. या दृश्यपटलाचा सुरुवातीचा एक नकाशा तात्सुजी इनोये या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला, तोही स्कॅनशिवाय. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात डोक्यात गोळी लागून वाचलेल्या सैनिकांमध्ये जखम कुठे आहे आणि दृश्याचा कुठला तुकडा गेला आहे, हे त्यांनी ताडून पाहिलं. या वाटेवर उजवीकडे इजा झाली तर दोन्ही डोळ्यांतली डावी बाजू कोरी होते. तिला डॉक्टर हेमियानोपिया म्हणतात.

तिसरा टप्पा लक्ष देण्याचा आणि अर्थ लावण्याचा. दृश्यपटलापर्यंत आलेल्या माहितीतलं काय आत घ्यायचं, हे मेंदूचा बाजूचा वरचा भाग, म्हणजे पॅरायटल लोब, आणि त्याच्याशी जोडलेली केंद्रं ठरवतात. बहुतेक तज्ज्ञांचं मत असं, की डावा मेंदू प्रामुख्याने उजव्या बाजूकडे लक्ष ठेवतो, तर उजवा मेंदू दोन्ही बाजूंकडे. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा सांभाळून घेतो, पण उजव्याला झाली तर डाव्या बाजूला वाली उरत नाही. यालाच नेग्लेक्ट म्हणतात. संदेश पोचतो, पण माणसाच्या लेखी ती बाजू अस्तित्वातच नसते.

डोळ्यांच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. ६/६ चा तक्ता पडद्याच्या मधोमध असलेल्या इवल्याशा भागाची परीक्षा घेतो. हात लांब करून अंगठा धरलात तर अंगठ्याच्या रुंदीएवढं, म्हणजे साधारण २ अंशांचं क्षेत्र. अर्धं दृष्टिक्षेत्र गेलेला माणूसही तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतो. कडेचं तपासायला पेरिमेट्री, म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी, लागते, आणि ती या पाच आठवड्यांत झालेली दिसत नाही.

राहिला प्रश्न ‘मला सगळं दिसतं’चा. नाना खोटं बोलत नाहीत. घरातल्या प्रत्येकाने हा प्रयोग करून बघावा : कोऱ्या कागदावर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर वाटाण्याएवढा काळा ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा, आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा नस जिथून बाहेर पडते त्या जागी येते आणि तिथे प्रकाशपेशीच नाहीत. पण कागदाला भोक पडलेलं दिसत नाही. तिथेही पांढरा कागदच दिसतो. रेघांच्या वहीवर केलात तर रेघसुद्धा सलग दिसते. जे नाही त्याची वर्दी मेंदू देत नाही. नानांच्या बाबतीत हेच अर्ध्या जगाचं झालंय, शिवाय आपल्याला आजार आहे हे ओळखणारी यंत्रणाही याच उजव्या भागाच्या आसपासची. त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागणार नाही.

हेमियानोपिया आणि नेग्लेक्ट वेगळे काढणं महत्त्वाचं आहे, कारण पुढचा सराव त्यावर ठरतो. दोन्ही एकत्रही असू शकतात. पक्कं निदान तज्ज्ञच करतील, पण घरी पंधरा मिनिटांत बरंच कळतं. वेळ सकाळची घ्या, चष्मा असू द्या, टीव्ही बंद, आणि मध्येच ‘अहो, इकडे बघा ना’ म्हणणारं कुणी जवळ नको. चाचण्या बिघडतात त्या बहुधा अशा मदतीमुळेच.

आधी बोटांची चाचणी. नानांच्या समोर साधारण एका मीटरवर, डोळ्याला डोळा येईल असं बसा. त्यांनी तळव्याने डावा डोळा झाकायचा, तुम्ही तुमचा उजवा मिटायचा, आणि त्यांनी तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. तुमच्या दोघांच्या मध्यावर हात धरून एक, दोन किंवा पाच बोटं दाखवा : वर डावीकडे, खाली डावीकडे, वर उजवीकडे, खाली उजवीकडे, क्रम बदलत. नजर हलली तर तो प्रयत्न मोजू नका. मग दुसरा डोळा. शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी दोन्हीकडे एकदम बोट हलवा. नुसतं डावीकडचं बोट दिसलं, पण दोन्ही एकदम हलवल्यावर फक्त उजवीकडचं सांगितलं, तर वाट शाबूत आहे आणि लक्ष कमी पडतंय. हीच परीक्षा डोळे मिटवून हातांच्या पाठीला हलका स्पर्श करूनही करा. तिथेही डावा स्पर्श एकटा कळत असेल आणि जोडीने कळत नसेल, तर संशय आणखी बळावतो.

डावीकडचं बोट एकटं असतानाही दिसलं नाही, तर एक बारकी युक्ती आहे. मान आणि छाती समोरच ठेवून नानांना फक्त नजर उजवीकडे न्यायला सांगा, आणि बोट त्यांच्या नजरेच्या डावीकडे, पण शरीराच्या मध्यरेषेच्या उजवीकडे धरा. हेमियानोपिया नजरेला चिकटलेला असतो, त्यामुळे तरीही दिसणार नाही. नेग्लेक्ट बऱ्याचदा शरीराच्या बाजूला चिकटलेला असतो, त्यामुळे आता दिसू शकतं.

मग कागद-पेन्सिल. ए-फोर कागद आडवा धरून २० सेंटीमीटरची रेघ काढा, कागद बरोबर छातीसमोर ठेवा, सरकू देऊ नका आणि रेघेचा मध्य दाखवायला सांगा. पाच वेगवेगळ्या कागदांवर करा, म्हणजे मागची खूण बघून पुढची होत नाही. खुणा दर वेळी उजवीकडे एक सेंटीमीटरहून जास्त सरकत असतील तर ते नेग्लेक्टकडे बोट दाखवतं. नुसत्या हेमियानोपियात खूण उलट किंचित डावीकडे जाते. दुसऱ्या कागदावर अडीच सेंटीमीटरच्या ४० रेघा वेड्यावाकड्या विखरून काढा आणि प्रत्येक रेघ छेदायला सांगा. उजवीकडच्या सगळ्या कापल्या आणि डावीकडे पट्टाच्या पट्टा राहिला, तर तो कागद जपून ठेवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. वर्तुळ देऊन घड्याळाचे आकडे भरायला सांगितलं तरी चालतं. नेग्लेक्टमध्ये बाराही आकडे बहुधा उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसतात.

आणखी एक परीक्षा आहे, तिला डोळेसुद्धा लागत नाहीत. १९७८ मध्ये बिझियाक आणि लुझाती या इटलीतल्या दोघा संशोधकांनी नेग्लेक्टच्या रुग्णांना मिलानच्या कॅथीड्रलसमोरचा चौक डोळ्यांसमोर आणायला सांगितला. आधी चौकाच्या एका टोकाला उभं राहून, मग कॅथीड्रलच्या पायऱ्यांवरून. पहिल्या वेळी त्यांनी एका बाजूच्या इमारती सांगितल्या, दुसऱ्या वेळी समोरच्या. म्हणजे दर वेळी जी बाजू उजव्या हाताला आली तीच. सगळा चौक आठवणीत शाबूत होता, पण मनातल्या चित्राचीही डावी बाजू त्यांच्या हाती लागत नव्हती. नानांना आपल्याच पेठेतली दुकानं एका टोकाकडून सांगायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाकडून. दोन्ही याद्या लिहून घ्या.

पेपरचा अर्थ का लागत नाही, तेही यातून सुटतं. मराठी डावीकडून उजवीकडे वाचायची, आणि नानांची ओळ मधूनच सुरू होते. शब्दाचीही डावी बाजू गळू शकते : ‘महाराष्ट्र’चं ‘राष्ट्र’, ‘आमदार’चं ‘दार’. मथळे मोठ्याने वाचायला सांगून काय गळतं ते ऐका. हे मजेशीर वाटलं तरी आकड्यांच्या बाबतीत नाही. १५०० चे ५०० होतात आणि १० मिलिग्रॅमचे शून्य. औषधाच्या गोळ्या आणि बँकेचे कागद तूर्त त्यांच्या एकट्याच्या हाती नकोत.

आता स्कॅन. इथे आमचं मत आधीच सांगतो : नानांना सध्या आणखी एकाही मेंदूच्या चित्राची गरज दिसत नाही.

पहिल्या दिवशीचा सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणजे चुकला नाही. सीटी क्ष-किरणांनी घनता मोजतो. मेंदूत रक्तस्राव असेल तर तो लगेच पांढरा दिसतो. रक्तवाहिनी तुंबून झालेला झटका (पक्षाघात) सुरुवातीच्या तासांत अनेकदा दिसतच नाही, ठळक व्हायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. डॉक्टरांना त्या क्षणी एकच गोष्ट हवी होती : रक्तस्राव आहे की नाही? कारण रक्तस्राव असताना गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर जीव जाऊ शकतो. त्या दिवशीच्या ‘नॉर्मल’चा अर्थ ‘रक्तस्राव नाही’, इतकाच. काही मिनिटांचं काम, आणि किरणोत्सर्ग साधारण २ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात आपल्या अंगावर येतो त्याच्या जवळपास.

एमआरआय क्ष-किरण वापरत नाही. तो शरीरातल्या पाण्यामधल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना चुंबकाच्या क्षेत्रात रेडिओलहरींनी हलवून त्यांचा प्रतिसाद टिपतो. त्यातलं डिफ्यूजन नावाचं चित्र झटक्यासाठी सगळ्यात उपयोगी. रक्त तुटलं की पेशींच्या आवरणातले सोडियम-पोटॅशियमचे पंप थांबतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगतात, आणि पाण्याच्या रेणूंना इकडेतिकडे सरकायला जागा उरत नाही. रिपोर्टमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ लिहितात ते हेच, आणि बहुतेक वेळा ते पहिल्या तासाच्या आसपासच दिसू लागतं. मेंदूच्या देठातला बारीकसा झटका मात्र तेही कधीकधी चुकवतं.

पहिल्याच दिवशी एमआरआय केला असता तर? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात. नाना झोपेतून उठले तेव्हाच लक्षणं होती, त्यामुळे सुरुवात रात्री दोनला झाली की सहाला, हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी डिफ्यूजनवर डाग आहे पण फ्लेअर या दुसऱ्या चित्रावर अजून उमटलेला नाही, असं दिसलं तर झटका ताजा आहे असं धरून इंजेक्शनचा विचार करता येतो. म्हणजे तत्त्वतः शक्यता होती. पण त्यासाठी एमआरआय चोवीस तास चालू, माणूस हजर आणि रुग्ण योग्य असावा लागतो, आणि नानांच्या फ्लेअरवर त्या सकाळी काय दिसलं असतं हे आता कुणीही सांगू शकत नाही. या प्रश्नाने स्वतःला किंवा त्या डॉक्टरांना पोखरू नका.

फिल्मची अदलाबदल झालेली नाही. आडव्या कापांची चित्रं रुग्णाच्या पायाकडून डोक्याकडे बघितल्यासारखी मांडतात, म्हणून रुग्णाची उजवी बाजू फिल्मवर तुमच्या डाव्या हाताला येते. कडेला ‘आर’ हे अक्षर छापलेलं सापडेल. शिवाय रिपोर्ट ‘राइट’ म्हणतो, हात डावा जड झाला, ताट डावीकडचं राहतं. तिन्ही पुरावे उजव्या मेंदूवरच जुळतात. त्याच रिपोर्टमध्ये ‘एज रिलेटेड अ‍ॅट्रॉफी’ (वयानुसार मेंदू आकसणं) लिहिलेलं असेल तर घाबरू नका, सदुसष्टाव्या वर्षी ते सर्रास लिहिलं जातं. ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ (बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पडल्याच्या खुणा) असेल तर मात्र रक्तदाब आणि साखर बरीच वर्षं सैल राहिली होती का, हे विचारा.

फंक्शनल एमआरआय ‘मेंदूचं काम’ दाखवतो, हे अर्धसत्य आहे. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं, की रक्तातल्या प्राणवायूच्या प्रमाणानुसार एमआरआयचा संकेत बदलतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे रक्त वाढतं, आणि मशीन ते रक्त मोजतं. फरक बहुधा एक ते पाच टक्क्यांचा, शिखर पाच-सहा सेकंदांनी, आणि चित्राच्या दोन-तीन मिलिमीटरच्या एकेका ठोकळ्यात लाखो पेशी. ज्या घटनेला १०० मिलिसेकंद लागतात तिची बातमी पाच सेकंदांनी. झटक्यानंतर तर पेशींचं काम आणि रक्तपुरवठा यांची सांगडच बिघडलेली असू शकते, त्यामुळे ‘इथे रंग नाही म्हणजे इथे काम नाही’ असं म्हणता येत नाही. शिवाय स्कॅनरमधल्या स्क्रीनवरच्या डाव्या बाजूच्या चित्रांकडे लक्ष द्या, असं नानांना सांगायचं आणि डोकं दोन-तीन मिलिमीटरही हलू द्यायचं नाही! आकडेमोडीत ढिलाई झाली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून दाखवलं : हजारो ठोकळे एकदम तपासताना योगायोग गाळण्यासाठी करतात ती नेहमीची सुधारणा वगळली तर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ उमटली. फंक्शनल एमआरआय खऱ्या उपयोगाचा ठरतो तो गाठ किंवा फिट्सच्या शस्त्रक्रियेआधी भाषेचा आणि हालचालीचा भाग कुठे आहे हे पाहायला.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे किती खपते ते मोजतात. त्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून तो सायक्लोट्रॉन (असं किरणोत्सारी द्रव्य बनवणारं यंत्र) जवळ असलेल्या केंद्रातूनच वेळेत यावा लागतो. आधी चार ते सहा तास उपाशी राहायचं, रक्तातली साखर आटोक्यात हवी, इंजेक्शननंतर शांत अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. त्या वेळात मोबाइल बघत बसलं तर दृश्यपटल जास्त साखर खातो आणि चित्र बिघडतं. नानांच्या बाबतीत पेट काय सांगेल? इन्फार्क्टच्या जागी साखर खपत नाही, हे, आणि ते आधीच माहीत आहे. स्मृती हळूहळू ढासळत असेल, गाठीचा संशय असेल किंवा न आटोपणाऱ्या फिट्सचं मूळ शोधायचं असेल, तर पेटचा विचार होतो. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद, हीही आत्ता नको. डाव्या हाताला फिटसारखे झटके आले, टक लावून भान हरपलं, तर मात्र लगेच.

स्टेंटमुळे एमआरआयला सहसा अडचण येत नाही. हृदयातले आजचे स्टेंट ठरावीक अटींवर १.५ आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात चालतात, आणि नानांचा एकदा एमआरआय झालेलाही आहे. तरी स्टेंटचं कार्ड दर वेळी दाखवायचं. खरी चौकशी पेसमेकर, मेंदूतल्या जुन्या क्लिपा आणि कानातलं इम्प्लांट यांची. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम केलेलं असेल तर डोळ्यात लोखंडाचा कण राहिलेला असू शकतो, तेही सांगायचं. कवळी, ताईत, करदोटा, चिकटवायची औषधी पट्टी काढून ठेवायची. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट, आणि हे चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत प्राणवायूचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला, तो ‘मशीन बंद आहे’ या समजुतीतून.

पैसे खर्च करायचेच असतील तर गुठळी आली कुठून, हे शोधायला करा. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर किंवा अँजिओग्राफी झाली का? हृदयाचा इको? किमान चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठेवलेला सलग ईसीजी? हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित होत असतील तर एका ईसीजीत ते सापडत नाहीत, आणि ते सापडले तर औषधच बदलतं. पुढचा झटका टाळण्याच्या दृष्टीने हे नातेवाइकांनी सुचवलेल्या दोन्ही स्कॅनपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

आणि व्यायाम. नेग्लेक्टमधली आपोआप होणारी सुधारणा बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत होते. पाच आठवडे गेलेत, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा शिकवणारे तज्ज्ञ) या आठवड्यातच गाठा. घरात ताटाच्या, पेपरच्या, टेबलाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावा आणि नानांना एकच नियम द्या : लाल पट्टी सापडेपर्यंत मान वळवायची, मग सुरुवात करायची. ताट तुम्ही फिरवून देऊ नका; अर्धं जेवण झाल्यावर ‘पट्टी कुठाय?’ एवढंच विचारा. वाचताना डाव्या समासावर त्यांचंच डावं बोट ठेवायला लावा. पाण्याचा तांब्या, बेल, फोन उजवीकडे असू द्या, कारण ते रात्री हमखास सापडायला हवेत. गप्पा मारायला बसताना मात्र हळूहळू डावीकडे सरका. गरम चहा डावीकडे कधीच ठेवू नका, आणि झोपताना डावा हात अंगाखाली अडकलाय का ते बघा. दृश्य उजवीकडे १० अंश सरकवणाऱ्या प्रिझमच्या चष्म्याने बोट दाखवण्याचा सराव १९९८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी मांडला. निष्कर्ष संमिश्र आहेत, थेरपिस्टकडे सोय असेल तर करून बघायला हरकत नाही. निव्वळ हेमियानोपिया निघाला तर काम सोपं असतं, कारण मग माणसाला आपली उणीव कळते आणि नजर मोठ्या झेपेने डावीकडे टाकायला तो लवकर शिकतो.

पेरिमेट्री २४-२ प्रकारची मागा. त्यात प्रत्येक डोळ्याचे सहा-सहा अंशांवरचे ५४ बिंदू तपासतात. निकालाच्या कागदावर ‘फिक्सेशन लॉस’चा आकडा मोठा असेल तर नानांची नजर भटकली होती, ती चाचणी धरू नका, दुसऱ्या दिवशी एकेका डोळ्याची वेगळी करून घ्या. जाताना रेघांचे कागद, पेठेच्या दोन्ही याद्या आणि एमआरआयची सीडी सोबत न्या. नुसत्या फिल्मवर डिफ्यूजनचे सगळे काप नसतात. आणि मधल्या काळात तोंड पुन्हा वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हात नव्याने पडला, तर वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या.